थ्रेल्बी घराण्यातला थोरला

१

इनिड ट्रॉवेल तीस वर्षं माणसं मारत आली होती. अर्थात कागदावर. उमरावांच्या वंशावळी जुळवणं हा तिचा व्यवसाय, आणि त्यात जुळवण्यापेक्षा मारण्याचंच काम जास्त असतं. एखादा लॉर्ड निपुत्रिक गेला आणि कुणी लांबचा भाऊबंद किताबावर हक्क सांगायला उभा राहिला, की त्याने आपण कुणाचे कोण एवढं दाखवून भागत नाही. आपल्यापेक्षा थोरल्या प्रत्येक शाखेतलं शेवटचं माणूस मेलेलं आहे, आणि मागे मूलबाळ न ठेवता मेलेलं आहे, हेही त्याला सिद्ध करावं लागतं. ते मेलेलं माणूस शोधून द्यायला तो इनिडकडे येई.

तिचा नियम एकच होता. दफनाची नोंद नाही, तर माणूस मेलं नाही. अशील कपाळाला हात लावत. "अहो मिस ट्रॉवेल, हा गृहस्थ दीडशे वर्षांपूर्वी जन्मलाय." इनिड म्हणे, "असेल. पण गेल्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर थोडंसं हसे. बावन्न वर्षांची, सडीफटिंग, फाटक्या तोंडाची बाई. तिच्या शब्दाला किताबांचे दावे ऐकणाऱ्या लॉर्ड्सच्या समितीपुढे जे वजन होतं ते भल्याभल्या वकिलांना नव्हतं. ते वजन हीच तिची आयुष्याची कमाई होती.

१९३४ सालच्या फेब्रुवारीत ती नॉर्थम्बरलंडला थ्रेल्बी हॉलवर गेली. सातवे बॅरन थ्रेल्बी, विल्फ्रेड, आदल्या शरदात एक्याऐंशीव्या वर्षी वारले होते. लग्न केलेलं नव्हतं. घर त्यांनी जर्व्हेस या दूरच्या पुतण्याच्या नावे केलं होतं, पण किताब असा कुणाच्या नावे करता येत नाही. तो जर्व्हेसला मागून घ्यावा लागणार होता.

सगळी वंशावळ चोख होती. फक्त एक नाव अडत होतं. चौथ्या बॅरनचा पहिला मुलगा, जॉसलिन. बाप्तिस्मा १८०४. पुढे काही नाही. छापील ग्रंथांतून त्याच्यासमोर 'लहानपणी वारला' असं लिहिलेलं होतं, पण एका ग्रंथाने दुसऱ्याचं बघून लिहिलेलं, हे इनिड वासावरून ओळखे. आजवर बापामागून मुलगा गादीवर येत गेला, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. आता समिती विचारणार होती.

२

जर्व्हेस मोकळाढाकळा माणूस होता. त्याची बायको सिसिली अडतिसाची, सात महिन्यांची गरोदर. आधीची तिन्ही बाळं तिने पोटातच गमावली होती. ती खुर्चीवर बसताना एक हात पोटाखाली धरून बसे, कुणी हिसकावून नेईल अशा बेताने.

पहिल्या दिवशी दुपारचं जेवण मोठ्या खोलीत मांडलं होतं. भाजलेलं मटण, उकडलेला कोबी. टेबलाच्या माथ्याशी काटे-चमचे आणि पाण्याचा पेला मांडलेला होता, पण खुर्ची रिकामी होती. जर्व्हेस तिच्या उजवीकडे बसला.

"आणखी कुणी यायचंय का?" इनिडने विचारलं.

"छे हो. घराची रीत आहे," जर्व्हेस म्हणाला. "घरधनी माथ्याशी बसत नाही. मी लहानपणी सुट्टीत आलो होतो तेव्हा एकदा चढून बसलो, तर विल्फ्रेडकाकांनी कानाला धरून उठवलं. का, ते काही सांगितलं नाही."

"आणि तू इतका आज्ञाधारक, की चाळिशी उलटली तरी घाबरतोस," सिसिली म्हणाली.

"मी नाही घाबरत. मिसेस डॉड्सला घाबरतो."

मिसेस डॉड्स म्हणजे घराची कारभारीण. पंचेचाळीस वर्षं या घरात काढलेली. ती सॉसचं भांडं घेऊन आली आणि म्हणाली, "धाकटे साहेब, गार होतंय."

इनिडला वाटलं, म्हातारे लॉर्ड नुकतेच गेले, तोंडातली सवय जायला वेळ लागायचाच. जेवण झाल्यावर तिने सहज विचारलं, "म्हाताऱ्या लॉर्डांना तुम्ही काय म्हणायच्या?"

"त्यांना? धाकटे साहेबच."

"एक्याऐंशी वर्षांचे होते ना ते?"

"होते की," मिसेस डॉड्स ताटल्या उचलत म्हणाली. "पण धाकटेच."

इनिडच्या मनात पाल चुकचुकली. तिने तिकडे दुर्लक्ष केलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये तिचं खरं काम होतं.

३

चर्च घरापासून शेताच्या बांधाने दहा मिनिटांवर. पाद्री मिस्टर हेपल, नाक सदा लाल झालेला, गप्पिष्ट माणूस. त्याने दफनाच्या नोंदींची जुनी वही काढून दिली आणि शेजारी उभा राहून छपराची तक्रार सांगू लागला.

इनिडने १८०४ पासून पानं चाळली. घराण्यातले, गडीमाणसांतले, शेतकऱ्यांतले मेलेले सगळे रांगेने होते. जॉसलिन नव्हता. १८०८ सालच्या एका पानाच्या तळाशी मात्र ओल लागून एक डाग पसरला होता. डागाखाली एकच ओळ. तिच्या शेवटी 'थ्रेल्बी' एवढं वाचता येत होतं. आधीचं सगळं तपकिरी.

"हे काय आहे?"

"तुम्ही सांगा," हेपल म्हणाला. "मला आल्यापासून ती ओळ तशीच दिसतेय. छप्पर गळतं तिथेच नेमकी वही ठेवायची, हे माझ्या आधीच्या पाद्र्याचं शहाणपण."

इनिडने भिंग लावून पाहिलं, पान उजेडाकडे तिरपं धरून पाहिलं. शाईचा एक फराटाही हाती लागेना. खरं सांगायचं तर तिथे कधी काही लिहिलं होतं की ओळ कोरी सोडून फक्त आडनाव टाकलं होतं, हेसुद्धा सांगता येईना.

निघताना ती घराण्याच्या बाकापाशी थांबली. बाकावर सात उशा होत्या. सहा टुमटुमीत, धूळ खात पडलेल्या. वाटेकडच्या टोकाची सातवी, घरच्या मुख्य माणसाची म्हणावी ती, मध्ये दबून पातळ झाली होती.

"म्हातारे लॉर्ड इथे बसायचे वाटतं?"

"नाही, ते त्याच्या शेजारी," हेपल म्हणाला. "टोकाला कुणीच बसत नाही. रीत आहे म्हणतात."

उशी बदलून टाकलेली असेल, जुनी कुठून तरी आणून ठेवली असेल, असं इनिड बांधाने परत येताना स्वतःला समजावत होती. तिसऱ्यांदा समजावल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

४

तिसऱ्या दिवशी सिसिली तिला वरच्या मजल्यावर मुलांची खोली दाखवायला घेऊन गेली. भिंतींना नवा पांढरा रंग दिला होता. पाळणा आला होता. खिडकीशी शेकोटीची जाळी ठेवलेली. सिसिली एकेक वस्तूला हात लावून, पाळण्यावरून हात फिरवून दाखवत होती आणि इनिड, जिला मुलाबाळांचं कधी काही वाटलं नव्हतं, प्रत्येक वस्तूपाशी थांबून नीट बघत होती.

"दाराची चौकट तेवढी रंगवू दिली नाही मी," सिसिली म्हणाली. "बघा ना, सगळ्या पोरांच्या उंच्या आहेत. पिढ्यान् पिढ्यांच्या."

चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. शेजारी नावाचं अक्षर आणि साल. पोरं भराभर वाढलेली, दोन-दोन बोटांच्या अंतराने. इनिड सवयीने मनातल्या वंशावळीशी ताडून बघू लागली. हा सहावा बॅरन, ही त्याची बहीण, हा विल्फ्रेड.

मग तिला चौकटीच्या दुसऱ्या अंगाच्या रेघा दिसल्या. तिथे अक्षर एकच होतं. जॉ. सर्वांत खालची रेघ १८०८ सालची, चार वर्षांच्या पोराच्या उंचीची. तिच्या वर दोन बोटं, १८१५. तिच्या वर दोन बोटं, १८२२. दर सात वर्षांनी एक. हस्ताक्षर बदलत गेलेलं, शाई-पेन्सिल बदलत गेलेली, रेघ मात्र हळूहळू वर चढत गेलेली. १८७१ ची तिच्या खांद्याशी येत होती. सर्वांत वरची १९२७ ची, विल्फ्रेडच्या थरथरत्या हाताची. ती बघायला इनिडला मान वर करावी लागली.

कुणा लॉर्डाने चेष्टा सुरू केली असेल, पुढच्यांनी चालू ठेवली असेल. या घराण्यांतून असले चाळे चालतात, तिने स्वतः कितीतरी पाहिले होते. एकाने तर कुत्र्याला वंशावळीत घातलं होतं.

"तुम्हाला काय वाटतं, मिस ट्रॉवेल?" सिसिली पाठीमागून म्हणाली. तिचं लक्ष चौकटीकडे नव्हतंच. "होईल का काम? मला खरं सांगा. जर्व्हेसला किताबाचं फारसं काही नाही. मला आहे. हे मूल... याच्या आधीच्या तिघांना मी नावंसुद्धा देऊ शकले नाही. याला तरी जगात हक्काची जागा असावी. कुणाच्या मागे उभं राहू नये त्याने."

इनिडने तीस वर्षांत कधी दिलं नव्हतं ते आश्वासन दिलं. "बघते मी," ती म्हणाली.

५

कपड्यांच्या खोलीत मिसेस डॉड्स चादरींच्या घड्या घालत होती. इनिड तिच्याकडून जुन्या माणसांची माहिती टिपून घ्यायला म्हणून गेली आणि उभीच राहिली.

"तुम्ही त्यांना गेलेलं दाखवणार म्हणे," मिसेस डॉड्स मान वर न करता म्हणाली.

"कुणाला?"

"कळतंय तुम्हाला, बाई. एवढ्या शिकल्यासवरलेल्या तुम्ही."

"मिसेस डॉड्स, तो मुलगा १८०४ साली जन्मला. तो गेलेला नसेल तर आज एकशे तीस वर्षांचा असेल."

"ते मला नका विचारू. हिशोब तुमचा." तिने चादरीचं एक टोक इनिडच्या हातात दिलं आणि दोघी घडी घालू लागल्या. "माझी आजी या घरात दाई होती. सहाव्या साहेबांनी अठराशे पन्नास साली चर्चमध्ये दगड बसवला. जॉसलिन थ्रेल्बी, लहानपणी वारला, असा. त्यांनाही वाटलं, मिटवून टाकावं एकदाचं. त्यांचा पहिला मुलगा तेव्हा अडीच महिन्यांचा. गुटगुटीत पोर, अंगाला धक्का नाही, ताप नाही. आजी म्हणायची, दिवा तेल संपून जातो तसं गेलं. दगड होता, तर त्याच्याखाली कुणीतरी हवं ना. मग साहेबांनी स्वतः पहार घेऊन तो दगड फोडला. पुढची चार मुलं धडधाकट जगली."

"लहान मुलं तेव्हा जातच होती, मिसेस डॉड्स."

"जात होती," ती म्हणाली. "टोक नीट धरा."

इनिडने त्या मुलाची नोंद नंतर आपल्या कागदांत काढून पाहिली. अठराशे पन्नास साल. अकरा आठवडे. योगायोगाला तिच्या धंद्यात तोटा नव्हता. रोज दोन तरी भेटत.

शनिवारी सकाळी ती गावातल्या वकिलासमोर बसली आणि शपथेवर लिहून दिलं, की १८०८ सालच्या दफनवहीतली अमुक पानावरची खराब झालेली ओळ आपण बारकाईने वाचली असून ती जॉसलिन थ्रेल्बी या बालकाच्या दफनाची आहे. अशील काय म्हणतात म्हणून नाही, वजन पडावं म्हणून नाही. एका बाईने पाळण्यावरून हात फिरवला होता म्हणून. सही करताना तिचा हात जराही अडखळला नाही. मागाहून तिला त्याचंच सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं.

६

चौदा एप्रिलला मुलगा झाला. सिसिलीचं पत्र आनंदाने नुसतं उतू जात होतं. नाव ह्यू विल्फ्रेड. जर्व्हेस सारखा पायऱ्यांवरून वर-खाली करतोय, मिसेस डॉड्स बाळाकडे बघून डोळे पुसते आणि विचारलं की दुपट्यांच्या घड्या घालायला लागते. लंडनमधल्या आपल्या खोलीत इनिडने ते पत्र दोनदा वाचलं.

मेच्या अखेरीचं पत्र छोटं होतं. बाळ फार शहाणं आहे, मुळीच रडत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यातलं त्याहून छोटं. डॉक्टर म्हणतात काही दोष नाही, पण वजन वाढत नाही. कमी होतंय. खूप झोपतो.

इनिड त्या दिवशी काम न करता बसून राहिली. मूल आजारी पडलं, बरं होईल. आपण सुशिक्षित बाई आहोत. कागदावरच्या चार शब्दांनी कुणाचं काही होत नसतं. मग तिला आठवलं, की कागदावरच्या चार शब्दांनी माणसं लॉर्ड होतात, भिकारी होतात, औरस-अनौरस होतात, हेच तर ती जन्मभर सांगत आली होती.

समितीची तारीख सव्वीस जूनची होती. बाळ त्या दिवशी साडेदहा आठवड्यांचं होणार होतं. तिने बोटांवर मोजलं आणि बोटं मिटून घेतली.

७

समितीच्या दालनात उन्हाचे पट्टे गालिच्यावर पडले होते. पाच म्हातारे लॉर्ड, त्यांतला एक पेंगत होता. जर्व्हेस नव्या कोटात ताठ बसलेला. सिसिली आली नव्हती. ती बाळाला सोडून हलत नाही, असं तो कुजबुजला. त्याचे डोळे खोल गेले होते.

नियमाप्रमाणे मूळ वहीच हजर करायची होती. मिस्टर हेपल ती फडक्यात गुंडाळून आगगाडीने घेऊन आला होता. त्याने ती टेबलावर ठेवली आणि १८०८ चं पान उघडलं.

"मिस ट्रॉवेल," अध्यक्ष म्हणाले, "आपलं शपथपत्र आम्ही वाचलंय. आमच्या वयाचे डोळे या डागापुढे चालत नाहीत. आपण ती ओळ वाचून दाखवावी, म्हणजे नोंद होईल."

इनिड वाकली. भिंग काढायला तिने पिशवीत हात घातला आणि तो तिथेच राहिला, कारण भिंगाची गरज नव्हती. डाग होता तसाच होता. त्याच्या आत शाई काळीभोर, स्वच्छ, कुणी आत्ताच टाक उचलावा अशी ओली होती. ह्यू विल्फ्रेड थ्रेल्बी, वय अकरा आठवडे.

तिने हेपलकडे पाहिलं. तोही पानावर वाकला होता. "अजून तसंच दिसतंय मला तर," तो पुटपुटला, "निव्वळ चहा सांडल्यासारखं."

"मिस ट्रॉवेल?"

तिला कळत होतं, की हे नाव सोडून दुसरं कुठलंही नाव ती उच्चारू शकते आणि सगळे ते लिहून घेतील. जॉसलिन म्हटलं की संपलं. किताब जर्व्हेसचा, पुढे ह्यूचा. आणखी चार दिवसांनी ती ओळही त्याचीच. तिच्या मागे, वाटेकडच्या बाकावर, कुणीतरी बसता बसता लाकूड करकरलं. ती वळली नाही. अध्यक्षांनी मात्र तिच्या खांद्यावरून तिकडे पाहिलं, किंचित मान लववली, आपल्या बरोबरीचा कुणी आत आला की लववतात तशी, आणि मग आपण कुणाला मान लववली हे न उमगून चष्मा पुसू लागले.

"मला ही ओळ वाचता येत नाही," इनिड म्हणाली. तिचा आवाज बारीक आला, म्हणून तिने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. "कधीच वाचता आली नव्हती. मी खोटी शपथ घेतली. जॉसलिन थ्रेल्बी मेल्याचा कुठलाही पुरावा नाही. माझ्या मते तो मेलेला नाही."

पेंगणारे लॉर्ड जागे झाले. जर्व्हेस उठून उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्याकडे तिला बघवलं नाही. ती पानाकडे बघत राहिली. तिथे आता तपकिरी डागाशिवाय काही नव्हतं.

८

हक्क फेटाळला गेला. खोट्या शपथेचा खटला झाला नाही, बाई भ्रमिष्ट झाली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, आणि ते एका परीने बरंच झालं. तिच्याकडे पुन्हा कुणी वंशावळ घेऊन आलं नाही. ती ब्रायटनला बहिणीकडे राहायला गेली. बहीण तिला स्वेटर विणायला शिकवू लागली आणि तिला ते येईना.

थ्रेल्बी हॉलहून पत्र नव्हतं. एकदा मिस्टर हेपलने छपराच्या तक्रारीच्या खाली एक ओळ लिहिली, की बाळ जुलैपासून सुधारलं, आता चांगलं बाळसं धरलंय. ती ओळ वाचून इनिड रडली. बहीण घाबरली.

सिसिलीचं पत्र पुढच्या वर्षी मेमध्ये आलं. मायना नव्हता.

"तुम्ही आमचं काय केलंत ते मी कधी माफ करणार नाही. हे लिहिणार नव्हते, पण दुसऱ्या कुणाला लिहू? जर्व्हेस ऐकून घेत नाही आणि मिसेस डॉड्स नुसती हो म्हणते. ह्यू चालायला लागला. छान चालतो, पडत नाही. इतर मुलं दोन्ही हात पसरून तोल सांभाळतात. हा एकच हात वापरतो. तो हात डोक्याच्या वर, बाजूला ताणून धरतो, मूठ मिटून. उंच माणसाचं बोट धरल्यावर धरतात तसा. काल तो जिन्याच्या तोंडाशी धावत गेला, मला पोचता आलं नसतं. तो कडेला आला आणि त्याचा हात मागे ओढला गेला. मग तो वर बघून हसला.

त्याने मला अजून आई म्हटलेलं नाही. त्याचा पहिला शब्द 'जॉ', आणि तो तो वर बघूनच म्हणतो. मिस ट्रॉवेल, तुम्हाला या घराण्याचं सगळं माहीत आहे. हा मोठा झाला की तो याचा हात सोडेल का, एवढंच मला सांगा."

इनिडने उत्तर लिहायला कागद घेतला. संध्याकाळपर्यंत तो तिच्यासमोर तसाच कोरा होता.